कानातला तोल

किडनीतला संसर्ग रक्तात पसरला होता. दवाखान्यात बरेच दिवस इंजेक्शनं घेतली आणि त्यांनीच मला वाचवलं. पण घरी येऊन पलंगावरून उठले, तर अंगण हलायला लागलं. अशक्तपणा असेल, असं सगळे म्हणाले.

अशक्तपणा गेला, हलणं राहिलं. बसून असले की सगळं ठीक. पाऊल टाकलं की समोरची माणसं, घरं, बाभळी वरखाली उडायची. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि कोसळले. कपाळ फुटलं.

मी एसटीत कंडक्टर. आटपाडीच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर, हलत्या गाडीत कशालाही न धरता तिकिटं देणारी. रजा संपली म्हणून कामावर गेले. म्हसवडच्या स्टँडवर उतरले आणि झोकांड्या खात एका फळांच्या गाड्यावर आदळले. मागून कुणीतरी सहज म्हणालं, "सकाळीच घेतलीया बाईनं." कुणी हसलंही नाही, ते जास्त लागलं.

डोक्याचा स्कॅन चांगला निघाला. एका डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या. शेजारणी सासूबाईंना म्हणू लागल्या, देवाचं काहीतरी राहिलं असेल. नवरा सैन्यात, लांब. त्याला फोनवर काही सांगायचे नाही. आपल्याला वेड लागत चाललंय, असं मलाच वाटू लागलं. विहिरीकडं जाणं मी सोडून दिलं. भीती पाय घसरायची नव्हती, स्वतःच्या मनाची होती.

शेवटी सासऱ्यांनीच मला मिरजेला नेलं. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. बाजारात लहान पोराचं धरावं तसं माझं मनगट घट्ट धरून चालत होते. कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला ऐकू येण्याच्या तपासण्या करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. माझ्याहून लहान मुलगी होती. मी म्हणाले, "मला ऐकू चांगलं येतं."

"ऐकू येत असेल," ती म्हणाली, "पण तोल सांभाळणारा भागही कानातच असतो, ताई."

तिनं माझ्या डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, मला आडवं केलं आणि एका कानात गार पाणी सोडलं. "गरगरल्यासारखं होतंय?"

"नाही."

दुसऱ्या कानातही तेच. मग तिनं बर्फाचं पाणी घेतलं. कान बधिर झाला, पण चक्कर आली नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, निदान इथे तरी सगळं चांगलं निघालं. सासरेही पुढे झाले. "मॅडम, पोरगी पीत न्हाई. तेवढं डेपोत कुनीतरी सांगा."

तिनं चष्मा काढला आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. "ताई, धडधाकट माणसाला या पाण्यानं गरगरतं. तुम्हालाही गरगरायला हवं होतं." दोन्ही कानांतला तो तोलाचा भाग संसर्गावरच्या त्या इंजेक्शनांनी गेला होता. जीव वाचवायला ती इंजेक्शनं लागलीच असती, म्हणाली.

"तोल परत कधी येईल?"

"नाही येणार."

मी तिथेच, तिच्यासमोर, मोठ्यानं रडले. वेड लागलं नव्हतं म्हणून रडले, की बरं होणार नव्हतं म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. सासरे भिंतीकडं तोंड करून उभे होते.

रडणं थांबेपर्यंत ती बसून राहिली. मग तिनं मला उभं केलं. आता डोळ्यांनी आणि तळपायांनी तोल धरायला शिकायचं, म्हणाली. अंगठा समोर धरून त्यावरची नजर न हलवता मान डावीउजवीकडे फिरवायची. पहिल्याच खेपेला मला उलटी झाली. तिनं बादली पुढे केली आणि म्हणाली, "पुन्हा करू."

ते मी रोज करते. आता उजेडात, सपाट रस्त्यावर एकटी चालते. उसाच्या ओल्या बांधावरून नाही, आणि अंधारात कुठंच नाही. समोरचं अजून उडतं. गाडीवरचं काम गेलं, डेपोनं टेबलाच्या कामावर बसवलं. एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे दमून, डोकं टेकून नुसती पडून राहते. सासरे घ्यायला येतात. आपण सावकाश जाऊ, एवढंच म्हणतात आणि मला धरायला स्वतःचं मनगट पुढे करतात.