बाबांचं दुहेरी नाणं

कपाट आवरताना कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी सापडली. झाकण उघडलं आणि धातूचा तो घामट वास नाकात शिरताच मी थेट अकोल्याला, मामाच्या ओसरीवर पोचले.

बाबा भातकुलीहून ती डबी शर्टाच्या खिशात जपून घेऊन आले होते. आतल्या नाण्यावर अक्षरं दुहेरी उमटलेली. नाणं दुर्मीळच, अशी त्यांची पक्की खात्री. नाणी जमवणाऱ्या मामाने ते उन्हात तिरपं धरलं, भिंगातून पाहिलं.

"भाऊजी, याले किंमत नाई. दुसरं अक्षर चपटं हाय, पायरीवानी. ठोका पडताना साचा हलला अन् अक्षर घसरलं."

बाबांचा चेहरा उतरला. मला मामाचा असा राग आला! मग त्याने स्वतःचं एक नाणं भिंगाखाली ठेवलं. त्यावरची दोन्ही अक्षरं फुगीर, गोलसर होती आणि टोकं चिमणीच्या उघड्या चोचीसारखी दुभंगलेली.

"हे खरं. इथं साच्यातच अक्षर दोनदा उमटलं. त्या साच्याचं हरेक नाणं असंच."

बाबा कितीतरी वेळ भिंगावरून हलेनात. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुह्या नाण्याले हजारो भावंडं. माह्यावालं एकटंच!"

तेव्हा आम्ही खो खो हसलो होतो. आज तेच नाणं मी खिडकीच्या उन्हात तिरपं धरलं आहे. माझ्या जन्माआधी कुठल्याशा टांकसाळीत एक साचा निमिषभर थरथरला, आणि ती थरथर अजून जशीच्या तशी माझ्या तळहातावर आहे.