गुडघ्याखालची उशी

पनवेलच्या मासळी बाजारात आई पाय घसरून पडली आणि तिचा गुडघा फुटला. ऑपरेशन करून प्लेट बसवली. डॉक्टरांनी मला बजावलं, रोज गुडघा वाकवा, ओरडल्या तरी वाकवा. आणि खाली उशी मुळीच देऊ नका, नाहीतर पाय तसाच आखडेल. आईला पुन्हा बाजारात बसायचं होतं. विळी पायाखाली दाबून म्हावरं कापायचं तर गुडघा दुमडायलाच हवा. पण बाजारातली जागा रिकामी राहिली की गेलीच, घरातलं कुणीतरी बसावंच लागतं. म्हणून काकी, आईची धाकटी जाऊ, तिथे बसू लागली. आई बरी होईपर्यंत, असं ठरलं होतं.

आईला मी कामोठ्याला माझ्या घरी आणलं. रोज सकाळी तिची टाच धरून गुडघा दाबायची. ती किंचाळायची, अख्ख्या मजल्याला ऐकू जातील अशा शिव्या घालायची. एकदा तिने माझ्या थोबाडीतही ठेवून दिली. मीही तिचीच लेक, दातओठ खाऊन आणखी दाबायची. मग मोरीत जाऊन रडायची.

मी कामावरून परतेपर्यंत काकी आलेली असायची. बाजार उरकून, कालवणाचा डबा घेऊन. गोडगोड बोलत आईचा पाय चेपायची आणि गुडघ्याखाली उशी सारायची. तिला उशीचं मी समजावलं, तर मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दोन उशा ठेवल्या. मेली नाटकी. मी उशा काढल्या की आई म्हणायची, "वैरीण हायेस तू." शेवटी शेवटी ती मला हातच लावू देईना.

गुडघा आखडला तो आखडलाच. ना सरळ होई, ना दुमडे. डॉक्टरांनी हात टेकले.

तरी हट्टाने आई काठी टेकत बाजारात गेली. मी सोबत होते. काकी आईच्या पाटावर बसून पापलेट कापत होती. वर न बघता म्हणाली, "उभी का बाय? बस ना."

आईने बसायचा प्रयत्न केला. गिऱ्हाइकं बघत होती. अर्ध्यात तोल गेला तेव्हा मी तिला धरलं आणि रिक्षात घातलं.

आता तरी ती काकीच्या नावाने बोटं मोडेल, असं मला वाटलं. कळंबोलीला आई आखडलेला गुडघा चोळू लागली. मग म्हणाली, "तिनं जीव तरी लावला. तुज्या हातात जोरच नवता."