पाहुण्यापुढे रडू नये

लिकाबोचं तोंड म्हणजे काय सांगू! प्रशांत महासागरातल्या माजुरो बेटावरच्या अख्ख्या गल्लीला हसवेल, पण स्वतःचं दुखणं ओठांवर येईल तर शपथ.

अणुचाचणीच्या बॉम्बची पांढरी राख तिच्या जन्मबेटावर पडली तेव्हा ती एवढीशी होती. अंगणात त्या राखेत खेळली. मग बॉम्ब फोडणाऱ्या सरकारनेच सगळ्यांना बोटीत घालून तिथून हलवलं, ते कायमचं. पुढे तिला तीन बाळं झाली. तिन्ही न रडताच गेली. नवराही गेला. घरात उरली ती, आणि बाळांसाठी विणलेल्या केवड्याच्या पानांच्या तीन चिमुकल्या चटया.

आता म्हातारपणी त्या सरकारचा साहेब घरोघर विचारत फिरत होता, कुणाचं काय नुकसान झालं. तो लिहून घेईल त्यालाच भरपाई. लिकाबोला पैशांचं सोडा, त्या तिघांना कुणीतरी मोजावं एवढंच हवं होतं. काय सांगायचं ते आठवडाभर पाठ केलं बिचारीने.

साहेब आला. तिने भाजलेला नीरफणस पुढे ठेवला, शहाळं फोडलं.

"आजी, तुम्हाला काही त्रास?"

"छे हो! सगळं छान. तुम्ही खा ना!"

साहेब खाऊन, हात पुसून गेला. शेजारची नेमाटा दारातूनच ओरडली, "अगं बये, साहेबाला सांगणार, सांगणार म्हणून आठवडाभर माझे कान किटवलेस, आणि त्याच्यापुढे फणस वाढत बसलीस?"

"घरी आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गातात का? तुझ्या आईने काही शिकवलं की नाही?"

"मग बस चटया कुरवाळत! उद्या उडतोय तो."

उरलेला फणस लिकाबोने एकटीनेच खाल्ला. पाहुणा बसला होता त्या जागेकडे बघत बसली. मग एकदम मांडीवर थाप मारून हसली.

सकाळी साहेबाच्या हॉटेलातल्या खोलीच्या दारात ही हजर, काखेत तिन्ही चटया. तो बॅग बंद करत होता.

"आजी! या, बसा." त्याने कॉफी पुढे केली.

तिने एक घोट घेतला. "आता पाहुणी कोण?"

"तुम्ही."

"मग आता यजमानाने ऐकायचं."

एकेक चटई उलगडत तिने बाळांची नावं सांगितली. नवरा गेल्यापासून ती नावं कुणी ऐकलीच नव्हती, नेमाटानेही नाही.

साहेबाने बॅग पुन्हा उघडली, पेन काढलं. "पहिल्याचं नाव परत सांगता?"

तिने सांगितलं. हळूच, झोपलेलं जागं होऊ नये तसं.