लोकरीचे चार धागे

लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच मान्य करतो. सारी नोकरी पदार्थविज्ञान शिकवण्यात गेली. फळ्याबाहेर चार ओळी लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर करतो आहे. त्यातही ज्या माणसाविषयी लिहायचे, त्याचा मी कित्येक वर्षे मत्सर केला. वाचकांनी चूकभूल पदरात घ्यावी.

खंडूभाऊ अवसरीत आमच्या मळ्याशेजारी राहत. मूळचे आणे गावच्या पठारावरचे. बालपण मेंढरांमागे गेले, तरुणपण बेल्ह्याच्या बाजाराला जनावरे पोहोचवणाऱ्या टेंपोवर. त्या टेंपोनेच त्यांना मेकॅनिक केले. कोणतीही गाडी दुरुस्त करण्यापूर्वी ते बॉनेटवर तळहात टेकून क्षणभर स्वस्थ उभे राहत. असे का, म्हणून मी एकदा विचारले. म्हणाले, "जनावराला हात लावल्याबिगर सुई टोचत न्हाईत, सर."

आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी पांढरी मोटार होती. नव्वदीला टेकलेले आण्णा तिच्यातून दर आठवड्याला बेल्ह्याच्या बाजाराला जात, बैल निरखत आणि काही न घेता परत येत. गाडी मी चालवीत असे. मागच्या सीटवरून कौतुक मात्र खंडूभाऊंचे होई. "इंजिन कसं बोलतंय बघ. खंडूचा हात हाये तो." मी एम.एस्सी.ला पहिला आलो, तेव्हा आण्णा "बरं झालं" एवढेच म्हणाले होते.

काही वर्षांपूर्वी ती मोटार गचके देऊ लागली. तिच्या डिस्ट्रिब्यूटरची कॅप तडकली होती. इंजिनच्या चारही सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटून देणारा हा भाग. ठिणगी कशी पडते, हे तर मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो होतो. म्हणून मंचरहून नवी कॅप, रोटर आणि पॉइंट आणले आणि मीच बसवतो म्हणालो. आण्णा बाजेवरून म्हणाले, "तू पेपर वाच. खंडूला हाक मार."

मी हाक मारली.

खंडूभाऊंनी खिशातून लोकरीचे चार धागे काढले, दोन काळे, दोन पांढरे. कॅपमध्ये गोलाकार खोचलेल्या प्लगांच्या चार वायरींना ते बांधले. काळ्याशेजारी पांढरा येईल असे. मग एकेक वायर जुन्या कॅपवरून काढून नव्या कॅपवर त्याच जागी खोचली. "येक सोडायची, येक बांधायची. समदी येकदम सोडली की कळप फुटतो." ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटमधली फट त्यांनी लग्नपत्रिकेचा तुकडा घालून ठरवली. ते विहिरीवर हात धुवायला गेले, तेव्हा मी माझ्या पोलादी मापपट्टीने ती फट तपासली. तंतोतंत होती.

तो तंतोतंतपणा मला सोसवला नाही. आण्णांना डुलकी लागली होती. मी शेजारशेजारच्या दोन वायरी उपटल्या आणि एकमेकींच्या जागी बसवल्या.

खंडूभाऊ परतले, आण्णा जागे झाले, मी चावी फिरवली. गाडी थरथरली, सायलेन्सरमधून फाडकन आवाज निघाला आणि अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

"का रं खंडू?" आण्णांनी विचारले.

खंडूभाऊ बॉनेटखाली वाकले. दोन काळे धागे शेजारी आले होते. त्यांनी ते पाहिले, मग माझ्या बोटांना लागलेला काळा चिकटा पाहिला. आता ते सांगणार, म्हणून मी मान खाली घातली.

"माझंच चुकलं, आण्णा," ते म्हणाले. "डोळ्यांना कमी दिसतंय हल्ली. सरांना बघू द्या जरा."

मी वायरी पूर्ववत केल्या आणि इंजिन सुरळीत चालू लागले. आण्णा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. "शाळा कामाला आली म्हनायची तुझी," ते म्हणाले. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते मला मिळाले होते, आणि लाज वाटण्याआधी मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या बाजारात आण्णांनी चार ओळखीच्यांना, खंडूला आता दिसत नाही, असे सांगितले. ते सहज बोलले. पण गोष्ट पसरली. लोक ट्रॅक्टर मंचरला नेऊ लागले. खंडूभाऊ बांधावर भेटले की विचारत, "गाडी बरी हाये ना, सर?" त्याहून अधिक एक शब्दही कधी बोलले नाहीत. पुढे आण्णा गेले. खंडूभाऊ आण्याला मुलीकडे राहायला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तेही गेले.

दहाव्याला मी गेलो होतो. मुलगी ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "आमच्या बाबांचा हात कधी चुकला नसता, सर. डोळ्यांनीच दगा दिला. आण्णांच्या गाडीत घोटाळा केला, ते मनाला लई लागलं व्हतं. पाना हातात घेतला न्हाई परत." म्हणजे त्यांनी घरीदेखील सांगितले नव्हते. तिथेच बोलायला हवे होते. मी चहा संपवून उठलो.

तुम्ही माझ्या जागी असता, तर तिला आता जाऊन खरे सांगितले असते का?