पितळी पाटी

पाटी पितळेची होती. आमच्या विभागप्रमुख सरांनी ती जळगावच्या भांडी बाजारातून, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या माणसाकडून करून आणली होती. त्यामुळे अक्षरं आहेराच्या पातेल्यावर असतात तशीच होती, ठिपक्याठिपक्यांची आणि किंचित वर चढत गेलेली. ‘संकल्पना व निर्मिती’, आणि खाली सरांचं नाव, पदव्यांसकट.

ती ज्यावर लागायची होती तो बोर्ड मी केला होता.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी तंत्रनिकेतनात निदर्शक होतो, म्हणजे प्रयोगशाळेत मुलांकडून प्रयोग करून घेणारा. अधिव्याख्याता व्हायचं माझं स्वप्न आदल्या वर्षी सरांनीच मोडलं होतं. मुलाखतीच्या खोलीत, माझ्यासमोर, ते बाकीच्यांना म्हणाले होते, "हाताला चांगला आहे हो, पण वर्गात उभा केला की याला घाम फुटतो." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यावरून मला सरांपेक्षा स्वतःचाच राग जास्त आला, आणि तो मी सरांच्या नावावर जमा करत राहिलो.

जागा पुन्हा निघणार होती. त्याआधी कॉलेजची पाहणी करायला बाहेरून समिती येणार होती, आणि तिला दाखवायला म्हणून मी बक कन्व्हर्टरचा प्रात्यक्षिक बोर्ड बनवायला घेतला. जास्त व्होल्ट घेऊन कमी व्होल्ट देणारं हे सर्किट. आतला ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्या तुकड्यातुकड्यांच्या विजेला कॉइल आणि कपॅसिटर सपाट करतात. चोवीस व्होल्ट आत, बारा बाहेर, आणि बाहेर मोटारीचा दिवा. समितीसमोर मीच उभा राहून हे समजावून सांगणार होतो. घाम फुटतो का ते त्यांनीच बघावं.

कॉइलसाठी फेराइटचं कडं बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून काढलं, तार पाचोऱ्याच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणली, वेढे हातानं घातले. डायोड एकदा उलटा लावून ट्रान्झिस्टर मारला, एकदा गेटची तार सुटून मारला. दीपनगरचं वीजकेंद्र इतकं जवळ असूनही लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून फैजपूरच्या एका विद्यार्थ्याच्या घरून ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणल्या आणि एकामागे एक जोडल्या. अखेर एका दुपारी दिवा लागला. नॉब फिरवला की तो मंद होई, पुन्हा फिरवला की उजळे. विजेच्या लाटा दाखवणाऱ्या सीआरओच्या पडद्यावर चौकोनी लाटा स्थिर उभ्या होत्या. मी एकटाच होतो, आणि समोर समिती असल्यासारखा मोठ्यानं समजावून सांगितलं. घाम फुटला नाही.

समितीच्या दिवशी सकाळी सर पाटी घेऊन आले. बोर्डाच्या वरच्या कडेवर एक जागा दाखवून म्हणाले, "इथं लाव. लांबून दिसली पाहिजे."

त्या जागी दोनच तयार भोकं होती. एक हीट सिंकमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर गार ठेवणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांत, आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हच्या बोल्टाशी. ट्रान्झिस्टरखाली घालायची, वीज अडवणारी अभ्रकाची चकती जळगावात मिळाली नव्हती. त्यामुळे हीट सिंकला सरळ बॅटरीचा प्लस येत होता. पितळेची पाटी तिथं लावणं म्हणजे बॅटरीची दोन टोकं एकमेकांना जोडणं.

मी म्हणालो, "सर, तिथं नको. तिथं..."

"स्क्रू आवळणं तुझं काम," सर म्हणाले. "समितीला काय सांगायचं ते मी बघतो. तू मागच्या बाकाशी थांब."

मी स्क्रू आवळले. दोन्ही, घट्ट. बॅटरीचा स्विच बंद होता, म्हणून तेव्हा काही झालं नाही.

इथवर कुणी म्हणेल, सांगितल्याप्रमाणे वागलास. पण सर चहा सांगायला गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. बॅटरी आणि बोर्डाच्या मध्ये फ्यूज होता. तो तिथं असता तर टक् करून उडाला असता आणि ‘फ्यूज गेला’ म्हणून सरांना वेळ मारून नेता आली असती. तेवढं मला पुरेसं नव्हतं. मला धूर हवा होता. मी फ्यूज काढला आणि त्या जागी जाड तार गुंडाळली.

समिती आली. सर बोलत होते, छान बोलत होते. मी मागच्या बाकाशी उभा राहून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होतो, कारण तो स्विचकडे चालला होता. उजव्या हाताचं बोट त्यांनी पाटीवर, आपल्याच नावावर ठेवलं होतं. ते माझ्या हिशेबात नव्हतं. मी ओरडू शकलो असतो. तेवढा वेळ होता.

पाटीच्या कोपऱ्यातून निळी-पांढरी ठिणगी उडाली, तारांवरचं प्लास्टिक वितळून धूर झाला. सर हात धरून खाली बसले. मग मात्र मी धावलो आणि बॅटरीची तार उपटली. खरं सांगतो, त्या धावण्यातसुद्धा मला आनंद झाला होता. पाटीचा कोपरा जळून सरांच्या नावातली शेवटची दोन अक्षरं गेलेली मी धावताना बघितली.

बादलीतल्या पाण्यात सरांचा भाजलेला हात बुडवला. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, हा बोर्ड कुणी बनवला. सर धुळ्याकडचे. ऑफिसात ते कधी घरची बोली बोलत नसत. त्या वेळी बोलले.

"हाई बठ्ठं यानाच हातनं काम शे."

हे सगळं याच्याच हातचं काम. वर्षभर जे वाक्य मला हवं होतं, तेच. समितीनं माझ्याकडे पाहिलं, जळक्या बोर्डाकडे पाहिलं. मी ‘हो’ म्हणालो. सरांची नजर तोवर फ्यूजच्या जागेवर गेली होती आणि तिथून ती माझ्याकडे आली.

जागा मला मिळाली नाही. सरांनी तक्रारही केली नाही. बोट बरं झालं, नख मात्र वाकडं उगवलं. नवा बोर्ड मी बनवला, पाटीशिवाय. पण निवृत्त होईपर्यंत, प्रत्येक प्रयोगाआधी सर प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहायचे आणि सगळ्या मुलांसमोर, अगदी मऊ आवाजात विचारायचे, "फ्यूज पाहिला का?"

मुलांना वाटे, सर किती काळजी घेतात.

"पाहिला, सर," मी म्हणायचो, आणि मला घाम फुटायचा.