भिंतीपलीकडचा टीव्ही

ऑकलंडच्या माँगेरे उपनगरातल्या एका टोंगन कुटुंबावरची टीव्ही मालिका लिहायला जी मंडळी बसली होती, त्यांत टोंगन अशी एकटी लुपे. बाकीचे गोरे आणि शाळेपासूनचे एकमेकांचे दोस्त. पहिल्याच भागात त्यांनी भावाबहिणीला एका सोफ्यावर बसवून सिनेमा दाखवला.

“आमच्यात भाऊ-बहीण एकत्र टीव्ही बघत नाहीत,” लुपे म्हणाली. “पडद्यावर काय वाट्टेल ते येतं. बहिणीचा मान असतो.”

“बघा! म्हणून तर हिला घेतलंय,” निर्माता ग्रेग खूश झाला. लुपे मात्र लिहायला आली होती.

पुढे एक अख्खा भाग तिनं एकटीनं लिहिला. ग्रेगनं त्यातला स्वल्पविरामही हलवला नाही.

“लेखक म्हणून माझं नाव येईल ना?”

“अगं, हे काय विचारणं झालं?”

उत्तर म्हणून हे काहीच नव्हतं, पण लुपेनं तेवढ्यावर घरी सांगून टाकलं. आईनं चर्चमध्ये सांगितलं, म्हणजे माँगेरेभर झालं.

तो भाग टीव्हीवर लागणार होता त्या संध्याकाळी बाहेरच्या खोलीत आई, मावशी आणि लुपे बसल्या. धाकटा भाऊ फेलेती विमानतळावर सामान चढवतो. तो रजा टाकून आला होता. रीतीप्रमाणे ताट घेऊन तो आतल्या खोलीतल्या टीव्हीपुढे बसला. मधली भिंत फळ्यांची. लुपेच्या प्रत्येक विनोदाला तो पलीकडे खदखदून हसत होता, आणि लुपे पडद्याकडे कमी, त्या हसण्याकडेच जास्त लक्ष देऊन होती.

भाग संपला. लेखक म्हणून ग्रेगचं आणि त्याच्या मित्राचं नाव आलं. अगदी शेवटी, गाड्या चालवणाऱ्यांच्या नावांच्या जरा वर ‘सांस्कृतिक सल्लागार : लुपे’ असं सरकून गेलं. आईनं टीव्ही बंद केला. भिंतीपलीकडचा चालूच होता.

“सल्लागार म्हणजे लेखकाच्या वरचा ना गं?” मावशीनं विचारलं.

“हो, मावशी.”

थोड्या वेळानं पलीकडचं, नावांबरोबर वाजणारं संगीत थांबलं. फेलेती रिकामं ताट घेऊन दारात आला. नजर खाली.

“आई, ताईला सांग, झकास झालाय भाग. नावं काही बघितली नाहीत मी. संपल्या संपल्या बंदच केला टीव्ही.”

लुपेनं ते संगीत भिंतीतून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं होतं.

“बरं केलंस,” ती म्हणाली.