सावित्रम्माची दोन कोरी कार्डं

सोलापूरच्या आमच्या सबंध गिरणीत थंड हवेची खोली एकच, कॉम्प्युटरची. मे महिन्यात मॅनेजरसाहेबांना तिथं रोज काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं. मी, कुंडलिक, त्या खोलीत यंत्राला कार्डं भरवायचो आणि सावित्रम्मा कार्डांना भोकं पाडायची. सत्त्याहत्तर सालची गोष्ट.

सावित्रम्मा तिशीची, काटक, हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालणारी बाई. वडील चादरींच्या मागासाठी नक्षीची कार्डं कापायचे. चादरीवरचा मोर आधी पुठ्ठ्यावर भोकांनी उतरवायचा, मग मागावर चढवायचा. हिनं त्यांच्याशेजारी बसून विड्या वळत मॅट्रिक केलं, टायपिंग शिकली आणि आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. कायम झाली तर घरातली पहिली पगारदार, नाही झाली तर पुन्हा विड्या.

सहावा महिना चालू असताना मुंबईहून टेपवर नवा कंपायलर आला. कंपायलर म्हणजे दुभाष्या. आमचे चनमल्लप्पा साहेब प्रोग्राम लिहिणार, सावित्रम्मा तो कार्डांवर उतरवणार आणि कंपायलर तो यंत्राला यंत्राच्या भाषेत सांगणार. कार्डात चूक असली की तो कागदावर तक्रारींच्या ओळी छापायचा. नव्या टेपवर आम्ही सुताच्या साठ्याचा आमचा जुना, चांगला चालणारा प्रोग्राम घातला, तर एक तक्रार नाही. एकच ओळ छापून आली, कंपायलरच्या आतच बिघाड, आणि यंत्र गप्प.

साहेबांनी मुंबईला ट्रंककॉल लावला. तिकडून उत्तर आलं, टेप सगळीकडे चालते, तुमचं पंचिंग बघा. साहेब बिचारे अक्कलकोटकडचे, सरळमार्गी. त्यांनी दोन दिवस सहाशे कार्डं भिंग लावून वाचली, एक भोक चुकलेलं सापडलं नाही. तरी मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं की दोष बाईच्या हातात आहे, शनिवारी तिचा निकाल लावू. माझं डोकं असं सणकलं म्हणता, पण मी पडलो कार्डं भरवणारा.

शुक्रवारी सकाळी सावित्रम्मा म्हणाली, नक्षी बिघडली की तिचे वडील कार्डं वाचत बसत नाहीत. गठ्ठ्याचे मधोमध दोन भाग करतात आणि एकेक अर्धा चालवून बघतात. साहेब हसले. अर्धा प्रोग्राम म्हणजे प्रोग्रामच नव्हे, कंपायलर नुसता शिव्यांचा पाऊस पाडेल, असं त्यांचं म्हणणं.

“देऊ दे की शिव्या, साहेब. शिव्या देतोय म्हंजे सुद्दीवर हाय. बेसुद कुटं पडतोय, तेवढंच बघायचं.”

साहेबांनी बाह्या सारल्या.

मग काय विचारता. पहिली तीनशे कार्डं घातली, तर तीन पानं भरून शिव्या. आम्ही खूश. दुसरी तीनशे घातली, यंत्र आडवं, आम्ही आणखी खूश. तीनशेची दीडशे, दीडशेची पंच्याहत्तर. मॅनेजरसाहेब थंड हवा खायला आले, तर यंत्र चुकांमागून चुका छापतंय आणि तीन मोठी माणसं टाळ्या पिटतायत. ते दारातच थबकले. तीनच्या भोंग्याला आमच्या हातात दोन कार्डं उरली, आणि तेवढ्या दोहोंनी यंत्र आडवं पाडलं.

मी ती उजेडाला धरली. एकही भोक नाही. दोन्ही कोरी. म्हणून तर ती साहेबांच्या भिंगातून निसटली होती. ज्यात काही नाही ते तपासणार कोण?

सावित्रम्मानं ती बघताक्षणी ओळखली. वडील दोन नक्ष्यांच्या मधे दोन कोरी कार्डं घालून ठेवायचे, म्हणजे बोटांना सांधा कळतो. हिनं पहिल्या दिवसापासून प्रोग्रामच्या भागांमधे तेच केलं होतं. या प्रोग्रामचे भाग दोनच, म्हणून सांधा एकच. आम्हाला पत्ताच नव्हता. गुपचूप काढून घेतली असती तर प्रोग्राम चालला असता आणि कुणाला कळलंही नसतं. मी तिला डोळ्यानं खुणावलंसुद्धा.

“साहेब, ही माजी हायत. मीच घातली.”

साहेबांनी कंपायलरचं पुस्तक काढलं. थुंकी लावून पुस्तकाची पानं उलटत बसले, आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथं छापलं होतं, कोरी कार्डं कुठंही, कितीही चालतील, कंपायलरनं ती ओलांडून पुढं जावं. जुना जात होता. नव्यावर घालून बघितलं, तर तो एक कोरं कार्ड ओलांडायचा आणि लागून दुसरं आलं की कोसळायचा. हात सावित्रम्माचा नव्हे, मुंबईचा चुकला होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, मुंबईनं तसं लेखी द्यावं, मग बघू.

आम्ही ती दोन कोरी कार्डं रजिस्टर पोस्टानं पाठवली. तीन आठवडे सावित्रम्मा पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून होती आणि खरं सांगायचं तर मीही. अखेर दुरुस्त टेप आली. सोबत पत्र. चूक आमची. यापुढं प्रत्येक नवी टेप बाहेर पडण्याआधी सोलापूरच्या या दोन कार्डांवर तपासली जाईल. कार्डं कुणाची, ते नाव कळवावं. त्याच दुपारी तिला कायम केल्याची ऑर्डर निघाली. मला इतका आनंद झाला की मी चहा टेबलावर सांडला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, वडील काय म्हणाले. ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

“म्हणले, मी जल्मभर मोर कापले, कुणी नाव इचारलं न्हाय. तू कायबी कापलं न्हाईस, आन मुंबई तुजं नाव इचारतीया.”

मग तिनं नवा प्रोग्राम पंच करायला घेतला. पहिला भाग संपला तशी तिनं दोन कोरी कार्डं घातली.